ग्रेनेडात धंद्याला जाताना: आधी विचारा, ‘हे बंद पडलं तर दुसरं काय?’

ग्रेनेडा हा कॅरिबियन समुद्रातला ३४४ चौरस किलोमीटरचा देश. बृहन्मुंबईच्या निम्म्याहून थोडा मोठा, आणि माणसं सव्वा लाखाच्या आत. मी वाशीच्या मसाला बाजारात जायफळ-जायपत्रीचा व्यापार करते. ज्या देशाच्या झेंड्यावरच जायफळ आहे, तो देश आमच्या धंद्यातल्या माणसाला कधी ना कधी खुणावतोच. हल्ली मात्र मला विचारायला येणारे सगळे जायफळवाले नसतात. कुणाला तिथे औषधं पाठवायची असतात, कुणाला हॉटेलात पैसे गुंतवायचे असतात, कुणाला मुलीला तिथल्या मेडिकल कॉलेजात घालायचं असतं. पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच: तिथे चोऱ्यामाऱ्या किती?

गुन्हे होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलीस कोठडीतून पळालेल्या तिघांनी राजधानी सेंट जॉर्जेसजवळून एक शिडाची नौका पळवली आणि तिच्यावरचं अमेरिकी जोडपं पुन्हा जिवंत सापडलं नाही. पण रोजच्या व्यवहारात ग्रेनेडा शांत आहे. रात्री निर्मनुष्य किनाऱ्यावर जाऊ नका, पासपोर्ट खोलीच्या तिजोरीत ठेवा, एवढी नेहमीची काळजी पुरते. खरी जोखीम वेगळी आहे. तिथे महत्त्वाची प्रत्येक गोष्ट एकच असते. मुख्य बेटावर विमानतळ एक, मोठं बंदर एक, मोठं सरकारी रुग्णालय एक, जायफळाची खरेदी करणारी मोठी संस्था एक. आपल्याकडे एक दलाल फिसकटला तर दुसरा गाठता येतो, एक रस्ता बंद पडला तर दुसरा असतो. तिथे नसतो. म्हणून जाण्याआधी वही घ्या आणि प्रत्येक गोष्टीपुढे लिहा: हे बंद पडलं तर दुसरं काय? ज्या ओळीपुढे काहीच लिहिता येत नाही, तिथे तुमचा पैसा आणि दिवस अडकणार.

कधी जायचं

वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. ग्रेनेडा १२ अंश उत्तरेला, बेटांच्या माळेच्या दक्षिण टोकाला असल्यामुळे ‘आमच्याकडे वादळं येत नाहीत’ असं तिथली जुनी माणसं म्हणायची. १९५५ साली जॅनेट वादळ येऊन गेलं होतं, पण मधे जवळजवळ पन्नास वर्षं गेली. मग ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन आलं. देशातल्या दहापैकी नऊ घरांना तडाखा बसला, ३९ माणसं गेली, आणि जायफळाची बहुतेक झाडं मुळासकट आडवी झाली. त्याआधी इंडोनेशियाखालोखाल जगाला जायफळ पुरवणारा देश हा होता. बियांपासून लावलेलं जायफळ फळाला यायला सात-आठ वर्षं लागतात, भरात यायला त्याच्या दुप्पट. त्यातही झाड नर की मादी हे फुलल्याशिवाय कळत नाही. गुहागरकडे आमच्या वाडीत नारळीच्या सावलीला जायफळं आहेत, त्यामुळे हा हिशोब मला पुस्तकातून शिकावा लागला नाही. साठीतल्या शेतकऱ्याची बाग एका दुपारी पडली, तर तो पुन्हा जायफळ कशाला लावेल? अनेकांनी लावलंच नाही. जायफळाची निर्यात त्यानंतर पूर्वपदावर आलेली नाही.

२०२४ चं वर्ष तर समोर ठेवून अभ्यासावं असं आहे. मे महिन्यात पाण्याची टंचाई जाहीर झाली, नळाच्या पाण्यावर निर्बंध आले. १ जुलैला बेरिल वादळ चौथ्या श्रेणीच्या ताकदीने ग्रेनेडाच्याच कॅरियाकू बेटावर धडकलं आणि तिथली जवळपास सगळी घरं मोडली. मुख्य बेटाचा उत्तर भागही झोडपला गेला. म्हणजे ‘मोसमाची सुरुवात आहे, अजून वेळ आहे’ हा हिशोब आता चालत नाही.

जानेवारी ते मे हा काळ धरा. पाऊस कमी, रस्ते कोरडे. नाइलाजाने पावसाळ्यात जावं लागलं तर दोन गोष्टी करा. प्रवास विमा तिकिटाबरोबरच काढा, कारण वादळाला नाव पडल्यावर काढलेला विमा त्या वादळाची भरपाई देत नाही. आणि परतीच्या तिकिटानंतर मुंबईत लगेच लग्नकार्य, कोर्टाची तारीख किंवा टेंडरची मुदत ठेवू नका. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिथलं कार्निव्हल असतं. बघायला सुंदर, पण त्या दिवसांत कुठल्याही कचेरीत काम होण्याची आशा धरू नका.

जाण्याची वाट

भारतीय पासपोर्टवर छोट्या मुक्कामासाठी ग्रेनेडाचा व्हिसा आधी काढावा लागत नाही. त्यामुळे लोक निर्धास्त होतात आणि वाटेत अडकतात. न्यूयॉर्क किंवा मायामीहून जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडनहून जायचं तर विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायलासुद्धा आपल्या लोकांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. काहींना सूट असते, पण ती आपल्याला लागू आहे का हे एअरलाइनकडून लेखी घ्या. मुंबईचं विमान हीथ्रोला उतरतंय आणि पुढचं गॅटविकहून सुटतंय असं स्वस्त तिकीट एजंट देतात. तेव्हा इमिग्रेशन ओलांडून शहरातून जावं लागतं आणि त्याचा व्हिसा वेगळा. तिकीट काढताना गावाच्या नावापुढचा जीएनडी हा कोडही बघा. स्पेनमधल्या ग्रानाडाचं तिकीट घेऊन बसलेले लोक आहेत.

आता पिवळ्या तापाविषयी, कारण हे एजंट सांगत नाहीत. ग्रेनेडात पिवळ्या तापाचा धोका नाही, पण शेजारच्या त्रिनिदादचं नाव भारत सरकारच्या यादीत आहे. परत येताना तिथल्या राजधानीतून, पोर्ट ऑफ स्पेनमधून आलात आणि लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर मुंबई विमानतळावर तुम्हाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस अधिकृत केंद्रावरच मिळते आणि तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. वादळामुळे विमानं वळली की त्रिनिदादचा रस्ता ऐनवेळी घ्यावा लागतो, म्हणून तुमच्या तिकिटावर त्रिनिदाद नसला तरी लस घेऊन ठेवा. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

आणखी एक. ग्रेनेडा ते व्हेनेझुएलाचा किनारा हे अंतर फार नाही. अमेरिका आणि व्हेनेझुएला यांच्यातला तणाव वाढला तेव्हा, ऑक्टोबर २०२५ मध्ये, अमेरिकेने ग्रेनेडाच्या त्याच एकुलत्या एका आंतरराष्ट्रीय विमानतळावर रडार बसवू देण्याची विनंती केली होती. निघण्याच्या आठवड्यात तिकडच्या बातम्या बघत जा.

भारताचा दूतावास ग्रेनेडात नाही. आपलं काम त्रिनिदादमधलं उच्चायुक्तालय बघतं. पासपोर्ट हरवला तर मदत समुद्रापलीकडून येणार, म्हणून पासपोर्टची छायाप्रत, दोन फोटो आणि उच्चायुक्तालयाचा नंबर सामानात वेगळ्या जागी ठेवा.

बेटावर असताना

तिथला पूर्व कॅरिबियन डॉलर १९७६ पासून अमेरिकन डॉलरला २.७० या दराने बांधलेला आहे. अमेरिकन नोटा सगळीकडे चालतात, आणि घोटाळा तिथेच होतो. टॅक्सीवाल्याने ‘चाळीस डॉलर’ म्हटलं की कुठले डॉलर हे बसायच्या आधी विचारा. करारातही नुसतं ‘डॉलर’ कधी लिहू नका.

गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, पण रस्ते अरुंद, वळणाचे आणि चढाचे. आंबा घाट रोज चालवणाऱ्यालाही पहिला दिवस जपून जावं लागेल. भाड्याची गाडी घेतली तर स्थानिक तात्पुरता परवाना काढावा लागतो. मी स्वतः मिनीबसने जाते. गुआव गावाला पाच नंबरची बस जाते. आत शिरताना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, उतरायचं असेल तिथे पत्र्यावर ठोकायचं. दुकानात, कचेरीतही आधी नमस्कार, मग काम. घाईने थेट भावावर येणाऱ्याशी तिथली माणसं मनमोकळं बोलत नाहीत, आणि सव्वा लाखाच्या देशात तुमची वागणूक संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळलेली असते. रविवारी बस जवळजवळ नसतात.

लष्करी नक्षीचे कपडे नेऊ नका. हिरव्या ठिपक्यांची टोपी किंवा मुलाची चड्डीसुद्धा नको. सामान्य माणसाने ते घालणं तिथे गुन्हा आहे. किनाऱ्यावर मँचिनीलची झाडं असतात, हिरव्या लहान सफरचंदासारखी फळं येतात. फळ खायचं नाहीच, पण पावसात त्याच्या खाली उभंही राहायचं नाही. पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात. डास दिवसाही चावतात आणि डेंगी असतो, तेव्हा मलम आपलं आपण न्या.

खाण्याची अडचण वाटते तेवढी नाही. १ मे १८५७ ला ‘मेडस्टोन’ जहाज भारतातून मजूर घेऊन तिथे पोहोचलं. सुमारे तीन महिन्यांच्या हालांत कितीतरी जण वाटेतच गेले होते. त्यांच्या वंशजांमुळे रोटी आणि रस्सा आज तिथे सगळ्यांचंच खाणं झालं आहे. शाकाहारी असाल तर कॅललू या पालेभाजीत खारवलेलं मांस घातलंय का, हे मात्र दर वेळी विचारा. नीरफणस नारळाच्या दुधात शिजवतात, तो कोकणातल्या माणसाला आवडेलच.

आजारपणाची तयारी सगळ्यात मनावर घ्या. साधा ताप, टाके, सलाईन तिथे होतं. हृदयविकार किंवा डोक्याला मोठा मार असेल तर बार्बाडोस, त्रिनिदाद किंवा मायामीला हलवावं लागतं, आणि रुग्णविमानाचा खर्च एका मध्यम धंद्याचं वर्षाचं उत्पन्न खाऊ शकतो. विमा घेताना ‘वैद्यकीय स्थलांतर’ हा शब्द आणि त्यापुढची रक्कम स्वतः वाचा. रोजच्या गोळ्या पुरून उरतील एवढ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत.

पासपोर्ट आणि जमीन विकणारे

मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत सेमिनार भरतात: ग्रेनेडाचा पासपोर्ट घ्या, अमेरिकेत धंदा करा. माझ्या ओळखीतली चांगली, कष्टाने पैसे कमावलेली माणसं यात ओढली जाताना बघून मला काळजी वाटते, म्हणून हे सविस्तर लिहिते.

योजना खोटी नाही. पैसे घेऊन नागरिकत्व देण्याचा ग्रेनेडा सरकारचा हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि जुलै २०२४ पासून सरकारी निधीत द्यायची रक्कम किमान २,३५,००० अमेरिकन डॉलर आहे. सेमिनारमध्ये जे सांगत नाहीत ते असं. अमेरिकेचा ई-टू हा गुंतवणूकदारांचा व्हिसा ग्रेनेडाच्या नागरिकांना मिळतो हे खरं, पण डिसेंबर २०२२ च्या अमेरिकी कायद्याने, पैसे गुंतवून नागरिकत्व घेतलेल्या माणसाला आधी त्या देशात सलग तीन वर्षं वास्तव्य दाखवावं लागतं. ‘सहा महिन्यांत अमेरिका’ असं कुणी म्हणालं तर तिथेच उठा. दुसरं, भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार, ग्रेनेडाचे नागरिक झालात की भारताचं नागरिकत्व संपतं, पासपोर्ट परत करावा लागतो. पुढे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) मिळू शकतं, पण त्यावर मतदान नाही, आणि शेतजमीन, बाग, फार्महाऊस विकत घेता येत नाही. शेजारच्या चुलत्याची आंब्याची बाग कधीतरी घेऊ असं ज्याच्या मनात आहे, त्याने सही करण्याआधी या वाक्यावर एक रात्र विचार करावा.

तिसरं, त्या पासपोर्टची किंमत दुसऱ्या देशांच्या मर्जीवर आहे. जुलै २०२३ मध्ये ब्रिटनने शेजारच्या डॉमिनिकाच्या नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला, आणि कारण पैसे घेऊन नागरिकत्व देण्याचंच दिलं होतं. युरोपीय संघानेही २०२५ मध्ये नियम बदलून, पासपोर्ट विकणाऱ्या देशांची व्हिसामाफी थांबवण्याची सोय करून ठेवली आहे. ज्यासाठी तुम्ही पैसे दिले ती गोष्ट तुम्हाला न विचारता जाऊ शकते.

पैसे पाठवण्याचंही बघा. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि तुमच्या कारणासाठी ती लागू होते का हे बँकेकडून आधी लेखी घ्या. एजंट ‘दुबईतून करून देतो’ म्हणाला तर विषय तिथेच संपवा. अर्ज ग्रेनेडा सरकारने परवाना दिलेल्या स्थानिक एजंटामार्फतच जातो; परवान्याची यादी सरकारी संस्था प्रसिद्ध करते, त्यात नाव शोधा.

साधी जमीन किंवा घर घेत असाल तर परदेशी माणसाला त्याचा वेगळा परवाना लागतो आणि त्याची फी मालमत्तेच्या किमतीच्या दहा टक्के. विकतानाही परदेशी मालकाला स्थानिकापेक्षा जास्त कर. पासपोर्टसाठी हॉटेल प्रकल्पात घेतलेला हिस्सा पाच वर्षं विकता येत नाही, आणि पाच वर्षांनी तो घेणार कोण, हा प्रश्न आजच विचारा. वकील तुमचा स्वतःचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. लहान गावात सगळे एकमेकांचे नातलग असतात. वकिलाला ‘तुम्ही विकणाऱ्याचंही काम बघता का?’ असं तोंडावर विचारलं तर तिथे कुणी रागावत नाही.

मेडिकलला मुलं पाठवणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथलं विद्यापीठ १९७७ पासून चालतं आणि अमेरिकेत डॉक्टर होऊ पाहणारे हजारो विद्यार्थी तिथे शिकतात. पण मुलीने परत येऊन भारतात प्रॅक्टिस करावी असं असेल, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम वाचा. किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, वर प्रशिक्षण आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप, सगळं त्याच परदेशी संस्थेत. निम्मं शिक्षण बेटावर आणि निम्मं दुसऱ्या देशातल्या रुग्णालयांत असेल तर ते बसतं का, हे फी भरण्याआधी आयोगाकडून लेखी मागा.

जायफळ आणायचं असेल तर

तिथली जायफळाची खरेदी आणि निर्यात पिढ्यानपिढ्या १९४७ साली स्थापन झालेल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संघाकडे आहे. हॉटेलात भेटलेला माणूस ‘संघापेक्षा स्वस्त देतो’ म्हणाला तर त्याच्याकडे निर्यातीचा अधिकार कुठला, हे कागदावर मागा. गुआवच्या केंद्रात जाऊन काम स्वतः बघा. कवचासकट फळं लाकडी तबकांवर आठवडेच्या आठवडे वाळतात, मग फोडतात, आणि दाणे पाण्यात टाकतात. भरीव दाणा बुडतो, किडका तरंगतो. तरंगणारा माल तेलाला जातो. नमुना घेताना तुम्हीही बादलीभर पाणी मागा, कुणी नाही म्हणत नाही.

भावाची खातरजमा इथूनच करा. आपल्या बाजारात इंडोनेशियाच्या आणि श्रीलंकेच्या मालाला व्यापार करारांमुळे जकातीत सवलत मिळू शकते. ग्रेनेडाशी आपला तसा करार नाही. म्हणजे हा माल भावावर विकला जाणार नाही. मोठा, नितळ, सुवासिक दाणा मागणारं गिऱ्हाईक आधी हातात असेल तरच आणा. भारत सरकारच्या वनस्पती संगरोध आदेशाच्या (झाडं-बियांबरोबर कीड-रोग येऊ नयेत म्हणूनच्या नियमांच्या) यादीत जायफळ आणि ग्रेनेडा ही जोडी आहे का, ते कस्टम्सच्या एजंटाकडून तपासून घ्या, आणि आयात परवाना माल जहाजावर चढण्याआधी काढा. थेट जहाज नाही. कंटेनर मधल्या बंदरांत उतरतो, थांबतो, पुन्हा चढतो. त्या उकाड्यात तो आतून घामेजतो, ओल धरली की बुरशी, आणि बुरशी म्हणजे अफ्लाटॉक्सिन हे विष. न्हावाशेव्याला नमुना नापास झाला की माल परत किंवा नष्ट. ओलाव्याचं प्रमाण करारात लिहा, ओल शोषणाऱ्या पिशव्या लटकवायला सांगा आणि त्यांचे फोटो मागवा.

पैशांत घाई नको. कॅनडाच्या मोठ्या बँकांनी गेल्या काही वर्षांत तिथल्या शाखा स्थानिक बँकांना विकल्या, आणि लहान बँकांचे परदेशातले मधले दुवे कमी असतात, त्यामुळे रक्कम पोहोचायला वेळ लागतो. तेवढ्यात ‘आमचं खातं बदललंय’ असा ईमेल आला तर पैसे थांबवा आणि आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करा. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे तिथे सकाळचे नऊ.

वादळाचं कलम करारात नावानिशी घाला. ग्रेनेडा सरकारनेही तेच केलं आहे: आपल्या कर्जरोख्यांत त्यांनी चक्रीवादळाचं कलम घातलं होतं आणि बेरिलनंतर त्याच्या आधारे हप्ते पुढे ढकलले, वादळ विम्यातून सुमारे साडेचार कोटी डॉलरही आले. तुमच्या कलमात एवढं तरी असू द्या: वादळ आलं तर किती दिवस मुदतवाढ, बयाणा कधी आणि कुठल्या चलनात परत, वखारीत पडलेल्या मालाचा विमा कुणाच्या नावावर, आणि वाद झाला तर कुठल्या देशाचा कायदा. तिथल्या न्यायव्यवस्थेचं शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या न्यायमंडळाकडे जातं. २०१६ आणि २०१८ च्या सार्वमतांत लोकांनी ते बदलायला नकार दिला. तेवढ्या लांब जायची वेळ येऊ नये म्हणून पहिली खेप लहान ठेवा, ती मे संपायच्या आत जहाजावर चढेल अशी तारीख घाला, आणि तो दाणा इथल्या गिऱ्हाइकाने घेऊन पुन्हा मागितल्याशिवाय दुसरी सही करू नका.